आमच्या टेबलावर मीठ नसतं

आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर मीठ ठेवत नाहीत. पाणी असतं, पाव असतो, लोणी असतं, माझा चष्मा असतो, पण मीठ नसतं. नवा पाहुणा आला की त्याची नजर टेबलभर भिरभिरते आणि शेवटी बिचारा समोर आलेलं मुकाट्याने खातो. हा कायदा माझ्या बायकोचा. तिने तो मादामच्या घरून आणला.

मादाम म्हणजे एक म्हातारी फ्रेंच बाई. लग्नाआधी माझी बायको तिच्याकडे भाज्या चिरायला म्हणून लागली होती आणि निघाली तेव्हा अख्खं स्वयंपाकघर डोक्यात घेऊन निघाली. मादामचं म्हणणं असं, की टेबलावर मीठ ठेवायचं म्हणजे रांधणारीनेच कबूल करायचं की मला माझ्या हाताचा भरवसा नाही. मीठ चुलीपाशी, सगळ्यात शेवटी आणि रांधणारीच्याच हाताने पडलं पाहिजे. दुसऱ्या कुणी तिच्या भांड्याला हात लावायचा नाही. कमी पडलं तर खाणाऱ्याने तसं तोंडाने सांगावं, भांडं परत आत जाईल. शिवाय, रांधणारीने टेबलावर येताना ॲप्रन सोडायचा, तोंड धुवायचं, केस विंचरायचे आणि स्वतःच्याच घरी पाहुणी आल्यासारखं येऊन बसायचं. बायकोने हे सगळं काळ्या दगडावरची रेघ असल्यासारखं पाळलं.

मी वजनकाटे दुरुस्त करतो. दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यात तान्ही बाळं तोलतात तेसुद्धा. काटा शून्यावर आणायचा आणि मग त्यावर खात्रीची वजनं ठेवून तो खरं बोलतोय का ते बघायचं, हा माझा धंदा. लोक मला काटेवाला म्हणतात आणि पाठीमागे नुसतंच काटा म्हणतात, कारण माझी जीभही तशीच आहे. मला खोटं बोलता येत नाही यात माझा काही मोठेपणा नाही. काही लोकांना शीळ घालता येत नाही, तसंच ते.

नवं लग्न झालं तेव्हा तिने माझ्या घरच्यांना जेवायला बोलावलं होतं. लीक आणि बटाट्याचं सूप केलं होतं. लीक म्हणजे कांद्याच्या पातीची धिप्पाड थोरली बहीण. माझी आई, बहीण, मेहुणे, सगळे चमच्यागणिक वा वा करत होते. मी म्हटलं, मीठ कमी आहे. बहिणीने टेबलाखालून मला लाथ मारली. आई म्हणाली, आल्या आल्या पोरीचा पाणउतारा कशाला करतोस. नवी नवरी मात्र उठली, भांडं आत घेऊन गेली आणि परत आणून माझ्यापुढे ठेवलं. मी चाखून म्हटलं, आता बरोबर. तिचा चेहरा असा उजळला की माझी आईसुद्धा गप्प झाली. वा वा करणारी माणसं पैशाला पासरी मिळतात, असं ती मला नंतर म्हणाली. तिला एक जीभ हवी होती, ती मिळाली. तेव्हापासून पहिला चमचा माझा. मी बोलेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. लोकांना वाटायचं मोठा मान आहे. मान कसला, ती कामगिरी होती.

फ्रेंच जेवण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरे हातमोजे घातलेले वाढपी येतात. आमच्याकडे रोज कामावरून आल्यावर जे पोटात जायचं तेच फ्रेंच होतं. सूप, पाव, काकडी आणि सॅलडच्या हिरव्या पानांवर मोहरीचं आंबट पाणी. ऑम्लेट असायचं, पण त्याला एकही तपकिरी डाग नाही, पिवळंधमक आणि आतून ओलसर. वांगी, ढबू मिरची, झुकिनी, टोमॅटो यांची भाजी असायची. त्यातली प्रत्येक भाजी ती वेगळी परतायची आणि मग एकत्र करायची. एकदम टाकलं तर काय बिघडतं, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, संसार एकत्रच करायचा असतो, पण आधी ज्याने त्याने आपापलं शिजून यावं. कांद्याच्या सूपसाठी ती तासन्‌तास मंद आचेवर कांदा परतत उभी राहायची आणि मी घाई केली की म्हणायची, नाकाने कांदे सोलणाऱ्यांनी बाहेर बसावं. लेकीच्या वाढदिवसाला सूफ्ले. तो भट्टीतून फुगून बाहेर यायचा आणि आम्ही सगळे खुर्च्यांवर तयार बसलेलो असायचो, कारण सूफ्ले कुणासाठी थांबत नाही, लगेच खाली बसतो. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला मात्र लाल वाइनमध्ये शिजवलेली कोंबडी, दरवर्षी. आदल्या दिवशीच ती वाइनमध्ये भिजत पडायची आणि घरभर असा वास सुटायचा की वरच्या मजल्यावरची मंडळी उगाच काहीतरी विचारायला खाली यायची.

मग ती आजारी पडली. आजाराचं नाव मी इथे लिहीत नाही, घरात त्याला पुष्कळ जागा दिली तेवढी पुरे. औषध सुरू झालं आणि काही आठवड्यांनी तिच्या जिभेची चव गेली. आमची लेक बबडी औषधांच्या दुकानात काम करते, दोन गल्ल्या सोडून राहते. तिने समजावलं की या औषधाने असं होतं, काहींची चव परत येते, काहींची येत नाही. बायकोने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बटाटे सोलायला बसली. अंगात त्राण नव्हतं. पण संध्याकाळी काय करायचं हा विचार डोक्यात असला की ती अंथरुणातून उठायची आणि नसला की उठायची नाही, हे मी डोळ्यांनी बघत होतो. तिचा स्वयंपाक चालू राहणं म्हणजे ती चालू राहणं, इतकं ते सरळ होतं.

त्या दिवशी बटाटे सोलताना ती मला म्हणाली, "आता माझी जीभ तुम्ही. पण एक सांगून ठेवते. ज्या दिवशी माझी कीव येऊन तुम्ही खोटं बोलाल, त्या दिवशी मी गॅस बंद करीन. मग परत पेटवायची नाही."

"मी आजवर कधी खोटं बोललोय?"

"आजवर मी आजारी नव्हते," ती म्हणाली.

मी वचन दिलं. हे आम्हा दोघांतलं होतं, म्हणून बबडीला सांगायचं मला कधी सुचलंच नाही. नवरा-बायकोत असं पुष्कळ असतं जे मुलांना सांगायचं राहून जातं.

सुरुवातीचे दिवस अवघड गेले. ती अंदाजाने मीठ घालायची आणि अंदाज चुकायचा. मी पहिला चमचा घ्यायचा आणि म्हणायचं, अळणी आहे. ती भिंतीला धरत उठायची, भांडं आत न्यायची. कधी खारट व्हायचं, मग एखादा बटाटा घालून पुन्हा शिजवायचं. मी मदतीला उठलो तर डोळे वटारायची. जेवण गार व्हायचं, पण ती हरली नव्हती. माझ्या बोलण्यावर तिचा हात चालत होता आणि मला वाटायचं, आपण दोघं मिळून अजून एक धड स्वयंपाकीण आहोत.

बबडीला हे बघवत नसे. संध्याकाळी दुकानातून सुटली की ती आमच्याकडे येऊन जेवायची. मी अळणी म्हटलं की तिचा चेहरा पडायचा. एकदा जिन्यात मला गाठून तिने चांगलंच फैलावर घेतलं. आईला दोन पावलं चालवत नाही आणि तुम्ही तिला भांडं उचलायला लावता, एक दिवस चांगलं झालंय म्हणालात तर तुमचा काटा मोडणार आहे का, असं म्हणाली. मी म्हटलं, तुला नाही कळायचं. याहून जास्त काही बोलायला हवं होतं. पण मी बोलण्यात कंजूष, आणि ती रडवेली होऊन निघून गेली.

त्यानंतर मात्र जेवण जमायला लागलं. पहिल्या दिवशी वाटलं, लागला नेम. दुसऱ्या दिवशीही बरोबर. मग रोजच. सूप बरोबर, भाजी बरोबर. माझी जीभ शोधून थकली, पण खोट सापडेना. मला इतका आनंद झाला की कामावर ज्याला त्याला सांगत सुटलो, बायकोची चव परत येतेय. तिलाही तसं म्हणालो.

ती गप्प होत चालली होती. पहिला चमचा मी तोंडात घातला की पूर्वी ती माझ्या ओठांकडे बघायची, आता डोळ्यांकडे बघायला लागली. बरोबर आहे म्हटलं की विचारायची, खरं? मी म्हणायचो, खरं. थोड्या वेळाने पुन्हा विचारायची. मला वाटलं आजाराने मन हळवं झालंय. तिला काय वाटत होतं ते माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण खरं बोलणाऱ्या माणसाला आपल्यावर कुणी संशय घेत असेल हे सुचत नाही.

लग्नाचा वाढदिवस आला. तिने हट्टाने कोंबडी करायला घेतली. वाइन मी आणली, छोटे कांदे बबडीने सोलून दिले, बाकी सगळं ती खुर्चीत बसून, टेकून, थांबत थांबत करत होती. दुपारभर भांडं मंद आचेवर होतं. संध्याकाळी तिने गॅस बंद केला, ॲप्रन सोडला आणि तोंड धुवायला न्हाणीघरात गेली. त्या दिवशी तिने ओठांना थोडा रंगही लावला होता. केस औषधाने विरळ झाले होते तरी विंचरले होते. टेबलावर येऊन बसली आणि हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघायला लागली.

मी पहिला घास घेतला. इतक्या वर्षांत तिने ही कोंबडी कितीदा केली असेल, पण अशी मी खाल्ली नव्हती. मी म्हटलं, "आज तू कमाल केलीस. कण इकडे नाही की कण तिकडे नाही." बबडीने टाळी वाजवली. बायको म्हणाली, "बरं." तिने एवढंसं वाढून घेतलं आणि चमचा ताटाच्या कडेला ठेवून दिला. पोट भरलंय म्हणाली. उरलेलं बबडी डब्यात भरून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो तर ती खिडकीपाशी बसली होती. ओटा स्वच्छ पुसलेला. ॲप्रन घडी करून खुर्चीच्या पाठीवर.

"कालच्या कोंबडीत मी मीठ घातलंच नव्हतं," ती म्हणाली. "एक कणसुद्धा नाही. लोणीही बिनमिठाचं वापरलं. मला बघायचं होतं."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग मी म्हटलं, "होतं. मीठ होतं. अगदी बरोबर होतं."

"अजूनही?" तिने विचारलं.

मी काय नाही केलं? शपथ घेतली. आवाज चढवला. बबडीला फोन लावून विचारलं, काल मीठ बरोबर होतं ना. ती पलीकडून लगेच म्हणाली, एकदम बरोबर होतं बाबा, का हो? बायकोने ते ऐकलं आणि म्हणाली, ती तुमचीच लेक आहे, दोघांनी मिळून मला कुक्कुलं बाळ केलंत. मग मी सगळ्यात वाईट बोललो. म्हटलं, तू घातलं असशील आणि विसरली असशील, औषधाने होतं असं. ती रडली नाही, चिडली नाही. फक्त म्हणाली, "जीभ गेली होती. आता डोकंही गेलं म्हणा." आणि उठून ॲप्रन कपाटात ठेवला.

दुसऱ्या कुणी तिच्या भांड्यात मीठ घातलं असेल, हे माझ्या मनाला शिवलंही नाही. आमच्या घरात दुसऱ्याच्या भांड्याला हात लावत नाहीत. घराला आग लागली असं कुणी म्हटलं असतं तर मी मान्य केलं असतं, हे नसतं केलं. मग उरलं काय? एकतर ती विसरली होती, नाहीतर माझी जीभ फिरली होती. मी कामावर एकटा असताना बोटाने मीठ चाटून बघायचो. खारट लागायचं. पाव चाटायचो, अळणी लागायचा. काटा शून्यावर होता, वजन बरोबर दाखवत होता, आणि तरी खोटा ठरला होता. मला हळूहळू असंही वाटायला लागलं की खरंच मायेपोटी आपली जीभ आपल्याशीच लबाडी करत असेल.

तिने गॅस पेटवला नाही. जेवण बबडीकडून डब्यात यायला लागलं आणि बबडीला वाटलं, आई आता थकली. ती थकली होतीच. पण त्याआधी ती थांबली होती, ते फक्त मला माहीत होतं. माझ्याशी ती चांगलं बोलायची, उलट पूर्वीपेक्षा गोड बोलायची, आणि तेच मला सोसवत नव्हतं. फक्त मला काही विचारायचं तिने सोडून दिलं. रंग कसा दिसतोय, बरी दिसतेय का, डॉक्टर बाहेर तुम्हाला काय म्हणाले, काहीही नाही. विचारायचं असेल तर थेट डॉक्टरांना विचारायची. माझं उत्तर तिला आता ठाऊक होतं, ते छानच असणार होतं. माझ्या शब्दाला तिच्यापाशी जे वजन होतं ते गेलं आणि मला दुसरी काही मिळकत नव्हतीच.

शेवटी शेवटी ती अंथरुणालाच खिळली. एका दुपारी मी तिचा हात धरून बसलो होतो. म्हटलं, "त्या दिवशी मी खोटं बोललो नव्हतो गं." तिने डोळे उघडले. माझ्या हातावर थोपटलं, लहान पोराला थोपटतात तसं, आणि म्हणाली, "असू द्या हो. माणूस मायेने बोलून जातो. मी कधीच माफ केलंय." न केलेल्या गुन्ह्याची माफी काय चीज असते ते मला त्या दुपारी समजलं. मी म्हटलं, बरं. दोन दिवसांनी ती गेली.

पुढे तिचा वाढदिवस आला तेव्हा बबडी म्हणाली, बाबा, आज मी तुमच्याकडे येऊन आईची कोंबडी करते. ती सकाळीच आली, रात्रभर वाइनमध्ये भिजवलेली कोंबडी घेऊन. आईचा ॲप्रन कपाटातून काढून बांधला. मी समोर बसून मश्रूम पुसत होतो. कांदा चिरता चिरता ती हसायला लागली, मग कांद्यानेच असेल, डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"एक गंमत सांगू? आता सांगायला हरकत नाही," ती म्हणाली. "तुम्ही रोज अळणी अळणी करायचात ना, मला आईचा चेहरा बघवायचा नाही. मग ती तोंड धुवायला गेली की मी पटकन चाखून बघायचे आणि मीठ घालून ठेवायचे. रोज. तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तर बिचारी मीठ घालायलाच विसरली होती, कणभरही नव्हतं. मी घातलं नसतं तर तुम्ही केवढे गरजला असतात."

माझ्या हातातला मश्रूम तसाच राहिला. माझी जीभ खरी होती, हे पहिल्यांदा डोक्यात आलं, आणि क्षणभर मला हलकं वाटलं, हे लपवत नाही. मग तिची ती मांडीवर हात ठेवून बसलेली मूर्ती आठवली, ओठांना रंग लावलेली. मी गरजावं म्हणून ती वाट बघत होती. मी अळणी म्हटलं असतं तर ती उठली असती, भांडं आत नेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बटाटे सोलायला बसली असती. मला ओरडावंसं वाटलं. भांडं उचलून भिंतीवर फेकावंसं वाटलं. समोर माझी लेक होती, नाक ओढत, तिच्या आईच्याच ॲप्रनला हात पुसत.

"आईला कळलं नव्हतं ना हो?" तिने विचारलं. विचारताना तिचा हात थांबला होता.

मी तिच्याकडे बघितलं. तिने चोरून घातलेली प्रत्येक चिमूट मायेची होती. एका चिमटीने काय केलं ते मी बोललो तर ती जन्मभर कुठल्याच भांड्यात मीठ घालू शकणार नाही, हे मला स्वच्छ दिसलं.

"नाही," मी म्हटलं. "कधीच नाही. त्या दिवशी तर फार खूश होती. मला म्हणाली, आज माझा हात परत आला."

बबडीने मोठा श्वास सोडला आणि पुन्हा चिरायला लागली. मी उठून नळाखाली मश्रूम धुतले. मश्रूम धुवायचे नसतात, नुसते पुसायचे असतात. बायको असती तर ओरडली असती.

संध्याकाळी बबडीने गॅस बंद केला, ॲप्रन सोडला, तोंड धुवून केस विंचरून आली आणि आईच्या खुर्चीत बसली. पहिला चमचा माझा होता. ती माझ्या ओठांकडे बघत होती, अगदी तिच्या आईसारखी.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं.

ती मनापासून हसली. कितीतरी महिन्यांत तिला तसं हसताना बघितलं नव्हतं. "बरंय बाबा, तुम्हाला खोटं बोलताच येत नाही ते," ती म्हणाली. "म्हणून तर आईबद्दल तुम्ही म्हणालात ते मला पटलं."

ती भांडं आत न्यायला उठत होती. मी तिला बस म्हटलं. आत जाऊन मिठाची बरणी घेऊन आलो, टेबलावर दोघांच्या मध्ये ठेवली आणि आम्ही जेवायला लागलो.